झोळीची दोरी

मराठी घरांत झोळीची दोरी मुद्दाम लांब ठेवत. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईला तिचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवता यावं, इतकी लांब. हात सुपात आणि पाय दोरीत. तुळईला जुनं लुगडं बांधून केलेली झोळी, आत तान्हं मूल, आणि दोरी उंबरा ओलांडून पलीकडच्या खोलीत गेलेली. आई पाण्याला गेली की दोरी आजीकडे, आजी देवापाशी बसली की घरातल्या एखाद्या विधवा आत्याकडे, आत्या सोवळ्यात असली की सात वर्षांच्या ताईकडे. मूल वाढवण्याचा इतिहास लिहायचा तर या दोरीपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिच्या लांबीतच एक गोष्ट कबूल केलेली आहे: आईला दुसरी कामं होती आणि मुलाकडे बघायला दुसरे हात लागत होते. आज सकाळी मुलाला पाळणाघरात सोडून कामावर जाणाऱ्या बाईला कोणी ना कोणी ऐकवतंच, की आमच्या वेळी मुलं घरातच वाढली. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मुलं घरात वाढली हे खरं. ती एकट्या आईच्या हातांवर वाढली हे खरं नाही. ते हात कोणाचे होते आणि त्या हातांना काय मिळत होतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो विचारला की पाळणाघराकडे बघण्याची आपली नजर बदलते, असं माझं म्हणणं आहे.

आधी आजीकडे बघू. आजीची माया हा या विषयातला सगळ्यात हळवा भाग आहे आणि तो नाकारण्याचं काही कारण नाही. पण आपल्या डोळ्यांसमोर येते ती आजी पांढऱ्या केसांची, कामातून मोकळी झालेली, मांडीवर नातवंड घेऊन गोष्ट सांगणारी. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्यातली आजी बहुतेक वेळा अशी नव्हती. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला तेव्हा वादळ उठलं, आणि त्या कायद्यानं वयाची मर्यादा वाढवली ती दहावरून बारावर. चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालेली बाई तिशी ओलांडते तोच सासू होई आणि पस्तिशीच्या आत आजी. तेव्हा तिची स्वतःची बाळंतपणं संपलेली नसत. सासू आणि सून एकाच वर्षी बाळंतिणीच्या खोलीत, काका आणि पुतण्या एकाच वयाचे, हे त्या घरांत नवलाचं नव्हतं. अशा आजीच्या मांडीवर नातवंडाच्या आधी तिचंच शेंडेफळ बसलेलं असे. शिवाय मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक, सोवळंओवळं, दळण, पाणी, सणवार या सगळ्याची सूत्रं तिच्याकडे. ती नातवंडांवर जीव टाकत असेलच; पण दिवसभर त्यांच्यामागे धावायला ती मोकळी होती, हे आपण आजच्या आजीवरून ठरवून टाकलं आहे.

आणि बाप? कित्येक घरांत वडीलधाऱ्यांच्या समोर बापानं स्वतःचं मूल उचलून घेणं मर्यादेला सोडून मानत. भावाचं मूल खांद्यावर बसवायला हरकत नसे, पण स्वतःच्या मुलाला चारचौघांत कडेवर घेतलं तर तो बायकोकडे झुकला असं म्हणत. या रिवाजानं दोन-तीन पिढ्यांच्या बापांकडून जे हिरावून घेतलं त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. रविवारी सकाळी मुलाला झोपाळ्यावर बसवून झोके देणारा बाप आज कोणत्याही बागेत दिसतो. तो आपल्याकडे खरोखरच नवा माणूस आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण इतिहासात दोरी ओढणाऱ्या हातांची मोजदाद करताना बापाचे हात धरता येत नाहीत.

मग राहतात दोन जणी: विधवा आणि थोरली मुलगी. उच्चवर्णीय मराठी घरांत लहान मुलांचा रोजचा भार या दोघींनी वाहिला, आणि एकत्र कुटुंबाच्या आठवणी काढताना सगळ्यात आधी विसरल्या जातात त्याही याच दोघी. घरात आश्रयाला असलेली विधवा बहीण, जाऊ, मावशी पहाटेपासून राबत असे. तिच्या वाट्याला दोन वेळचं (बऱ्याचदा एकाच वेळचं) जेवण आणि वर्षाला लुगडं. मुलांचं न्हाणं, त्यांची दुखणीखुपणी, रात्रीची उस्तवार तिच्याकडे. एकीकडे ती शुभकार्यात समोर यायची नाही, आणि दुसरीकडे घरातली सगळी मुलं तिच्या अंगाखांद्यावर. यातला खरा क्रूरपणा कळतो तो १८६३ साली. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये, हवं तर तिथे ठेवून जावं, यासाठी. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर यांनी असंच घर काढलं. दुसऱ्यांची चार-चार मुलं वाढवणारी बाई स्वतःचं मूल मात्र जगवू शकत नव्हती. ते जगावं म्हणून शहरात वेगळी जागा उभारावी लागली. फुले दांपत्यानं अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. एकत्र कुटुंबानं सगळ्यांची मुलं सांभाळली, असं कोणी म्हणालं की मला यशवंताच्या आईची आठवण होते.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला नेला. त्याला झालेला विरोध धर्माच्या भाषेत होता. पण त्या विरोधात घरगुती व्यवहाराचाही भाग असणार, असं मला वाटतं. विधवा शिकायला गेली, परिचारिका झाली, मास्तरीण झाली, की वाड्यातले दोन हात कमी होतात. तोपर्यंत तिच्या श्रमाला किंमत नव्हती, कारण तिला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. ती जाऊ शकते हे दिसल्यावरच ती काय करत होती ते कळलं. बालसंगोपनाची जुनी व्यवस्था मोडली ती सुनेनं नोकरी धरल्यामुळे, असं आपण धरून चालतो. ती मोडायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती, आणि ती मोडणं हे न्यायाचं काम होतं.

हे झालं वाड्यापुरतं. मराठी मुलखातल्या बहुसंख्य बायका वाड्यात राहतच नव्हत्या. त्या शेतावर, बांधावर, आणि १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी काढल्यानंतर हळूहळू मुंबईच्या गिरण्यांत कामाला होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्यांचं काम मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. वर नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादमीण; तिची मर्जी सांभाळावी लागे. कायद्यानं १८९१ साली बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला, तोच सुधारणेचा मोठा टप्पा समजला गेला. मुंबई तेव्हा पुरुषांचं शहर होतं; १९२१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका. शहरातले दोनतृतीयांशाच्या आसपास लोक एकेका खोलीत राहत. आजी रत्नागिरीला किंवा साताऱ्याकडे गावी, भात लावत असलेली. मग घाटावरून किंवा कोकणातून नवऱ्याबरोबर आलेली बाई दहा-अकरा तास गिरणीत असताना तिचं सहा महिन्यांचं मूल कुठे होतं?

याचं उत्तर तीन प्रकारचं होतं. काही मुलं दूध तुटलं की गावी आजीकडे जात आणि आईबाप मनीऑर्डर करत; गिरणगावाची निम्मी पाळणाघरं अशी कोकणात होती म्हणायला हरकत नाही. काही मुलं आईबरोबर गिरणीत येत. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या, कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाच्या अहवालात देशातल्या कारखान्यांत गोणपाटावर आणि बॉबिनच्या पेट्यांत ठेवलेल्या तान्ह्या मुलांचा उल्लेख आहे, चालत्या यंत्रांच्या आवाजात आणि हवेतल्या धुळीत. बॉबिनची पेटी म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा: रिकाम्या कांड्या टाकायची लाकडी खोकी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, तळाशी सुताचा भुगा. त्यात फडकं घालून मूल ठेवलेलं, आणि आई हाताच्या अंतरावर उभी राहून धागा जोडते आहे. वाड्यातली दोरी आणि ही पेटी यांत मला फारसं अंतर दिसत नाही. दोन्हीकडे बाई कामातून हात सोडू शकत नाही आणि मुलापासून नजरही काढू शकत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत वेदनेचं. मुलाला चाळीतल्या खोलीत, शेजारणीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या नजरेखाली ठेवायचं आणि ते दिवसभर निजून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची. या गोळीला लोक बाळागोळी म्हणत. ती स्वस्त होती, सहज मिळे, आणि तिच्यात कोणाला फारसं वावगंही वाटत नसे, कारण घरोघरी घुटी उगाळण्याची सवय होतीच. १९२२ मध्ये मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरला नेमलं. अशा पाहण्यांमधून ही गोळी सरकारी कागदावर आली. याच सुमाराचे बालमृत्यूचे आकडे आजही हादरवतात: १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेल्या मुलांची संख्या सहाशेच्या वर गेली होती. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी होई आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई, त्यामुळे प्रमाण फुगे. शिवाय मुलं दगावण्याची कारणं अनेक होती: कोंदट खोली, दूषित पाणी, आईचं अर्धपोट. अफूला एकटीला दोषी धरता येणार नाही. पण सगळी वजावट केली तरी उरतो तो आकडा भयंकरच आहे. त्या वेळच्या सुधारकांनी आयांच्या अज्ञानाला दोष दिला. मला ते पटत नाही. मूल रडतं आहे आणि आपण तिथे नाही, हे माहीत असलेल्या बाईनं ते निजावं म्हणून केलेला तो उपाय होता. त्या काळच्या मुंबईनं तिच्या हाती दुसरं काहीच ठेवलं नव्हतं.

इथून पुढे हा प्रश्न पहिल्यांदा घराच्या बाहेर, सभागृहात आला. कामगार नेते ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक १९२४ मध्ये आणलं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबई विधिमंडळात आसवले यांनी तसंच विधेयक मांडलं, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. गिरणगावात तेव्हा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप चालू होता. आंबेडकरांच्या भाषणातला मुद्दा मला आजच्या वादालाही लागू पडणारा वाटतो. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा. पण तिच्या श्रमांतून ज्याला फायदा होतो त्या मालकालाही त्यातून मोकळं सोडता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. मूल ही केवळ आईबापांची खासगी बाब नाही, त्याच्या संगोपनाचा खर्च समाजानं वाटून घ्यायचा असतो, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी आपल्या कायदेमंडळात क्वचितच बोललं गेलं असेल. १९२९ साली कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. बाईला रजेतल्या दर दिवसाला आठ आणे ठरले. ते मात्र मालकानं द्यायचे होते. सरकारनं स्वतःकडे काही घेतलं नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. अशा कायद्यांनीच बायकांच्या नोकऱ्या घालवल्या, असं तेव्हापासून म्हटलं जातं. प्रसूतिलाभ द्या, पाळणाघर काढा, रात्रपाळीला बाई ठेवू नका, असं सांगितल्यावर मालक बाईला कामावर घेईल कशाला? मुंबईच्या गिरण्यांत बायकांचा जो पाचवा हिस्सा होता तो पुढच्या चार-पाच दशकांत अगदी नगण्य झाला, ही गोष्ट खरी आहे. पण त्याचं खापर सगळं कायद्यावर फोडता येत नाही. हातानं चालणारं वाइंडिंग आणि रीलिंग यंत्रांनी घेतलं. १९२८ चा संप ज्या ‘रॅशनलायझेशन’विरुद्ध (कमी मजुरांकडून जास्त काम काढण्याविरुद्ध) पेटला, त्याच लाटेत बायकांची खाती आकसली. दोन-तीन पाळ्या सुरू झाल्या आणि पुरुषाला कोणत्याही पाळीला लावता येई. कायद्याचा दोष होता तो दुसराच: सगळा खर्च एकट्या मालकावर टाकल्यामुळे बाई महाग झाली, पुरुष तेवढाच स्वस्त राहिला. आंबेडकर म्हणत होते तसा भार सरकारनं उचलला असता तर मालकाला बाई आणि पुरुष यांत निवड करण्याचं कारण उरलं नसतं. २०१७ साली प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं, आणि खर्च पुन्हा मालकाच्याच माथी गेला. नव्वद वर्षांपूर्वीची चूक आपण चांगल्या हेतूनं पुन्हा केली.

गिरण्यांतली पाळणाघरं रिकामी राहिली, हा दुसरा आक्षेप. काही गिरण्यांनी १९२० च्या दशकातच ती काढली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पन्नासाहून अधिक बायका असतील तिथे सक्ती केली आणि पुढे ती संख्या तीसवर आणली. तरी बायका मुलं आणायला नाखूश असत. मग म्हणायचं, की आईला संस्था नकोच असते, तिला घरच हवं असतं. पण कारणं जरा जवळून बघावीत. पहाटेच्या गर्दीत, भोंगा व्हायच्या आत, डबा आणि मूल घेऊन गिरणी गाठायची. ते खोकणाऱ्या मुलांच्या खोलीत ठेवायचं. सांभाळणारी बाई अनोळखी, कोणत्या जातीची कोण जाणे, आणि ती साहेबांच्या पगारावर. काम सुटलं की तेच ओझं परत. चाळीतली शेजारीण दोन आण्यांत बघत असेल तर कोणतीही आई शेजारणीकडेच ठेवील. पाळणाघराची कल्पना बायकांनी टाकली नव्हती. चुकीच्या जागी, चुकीच्या माणसांनी, तपासनीसाला दाखवण्यासाठी काढलेलं पाळणाघर त्यांनी टाकलं.

बरोबर जागा कोणती, हे कळलं ते शहराबाहेर, ठाणे जिल्ह्याच्या टोकाला (आताच्या पालघरात). ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून बालशिक्षणात मुरलेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, दादरला शिशुविहार उभं राहिलं, आणि मध्यमवर्गीय मुलांसाठी मराठीत बालवाडी ही वस्तू जन्माला आली. पण ताराबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. अनुताई लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. पन्नास वर्षं आधी जन्मल्या असत्या तर भावाच्या वाड्यात त्यांनी भाच्यांचे लंगोट धुतले असते. इथे त्या एका जिल्ह्याच्या मुलांच्या आई झाल्या. हिंगण्यानं घराबाहेर काढलेले हात शेवटी कुठे पोचले, ते अनुताईंकडे बघून कळतं.

बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांना पहिला धडा मिळाला तो असा की मुलं शाळेत येत नाहीत. वारल्यांच्या पाड्यावरून बालवाडीपर्यंत येणं लहानग्यांना जमत नव्हतं आणि आईबाप पहाटेच कामाला गेलेले असत. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. कोणाच्या तरी अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. आधी मुलांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, मग गाणी. या अंगणातल्या बालवाडीचं नाव पडलं अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. दुसरा धडा त्याहून मोलाचा. आठ-दहा वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं होती. वाड्यात झोळीची दोरी ओढणारी ताई आणि चाळीत अफूनं निजलेल्या बाळापाशी बसलेली ताई इथे पुन्हा भेटली. तिला शाळेत आणायचं तर कडेवरचं मूल आधी कोणीतरी घ्यायला हवं. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. ताई भावाला पाळणाघरात ठेवून वर्गात बसे, मधल्या सुट्टीत त्याला बघून येई. मराठी मुलखात बालसंगोपनाबद्दल जे विचार झाले, त्यांत मला याहून शहाणा विचार माहीत नाही. आईला कामावर मोकळं करण्यापुरतं पाळणाघर नसतं, ते एका लहान मुलीचं बालपण तिला परत देतं, हे ताराबाईंनी ओळखलं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि कोसबाडचा शब्द देशभर गेला. आज तमिळ, हिंदी, ओडिया बोलणारेही अंगणवाडी म्हणतात, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. पण शब्द घेताना शासनानं पाळणाघर मागे ठेवलं. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास घेते. तीन वर्षांच्या आतलं मूल घरीच, त्याचा आहार घरी पोचवायचा. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या आईचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. अलीकडे ‘पालना’ योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. विकासवाडीची आठवण व्हायला फार उशीर झाला, तरी झाली. आणि अंगणवाडी चालवणारी सेविका? तिला पगार नाही, मानधन. म्हणजे पुन्हा तेच, मूल सांभाळणं हे बाईचं मन आहे, काम नाही. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला, आणि २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या. वाड्यातल्या विधवेला वर्षाचं लुगडं मिळे. तिची ही नात आपल्या हातांची किंमत मागते आहे आणि ती मिळायलाच हवी.

मध्यमवर्गाचं पाळणाघर या सगळ्यानंतर आलं. दादर, पार्ले, डोंबिवली, पुण्याच्या पेठा आणि मग कोथरूड. एखाद्या बाईनं आपल्या दोन खोल्यांत सहा-आठ मुलं सांभाळायला घेतली, दाराला पाटी लावली. भिंतीला ओळीनं दुपटी, प्रत्येकाचा डबा वेगळा, दुपारी वरणभात भरवून सगळ्यांना एका सतरंजीवर निजवायचं. हिच्याबद्दल लिहिणारं कोणी भेटत नाही, पण नोकरी करणाऱ्या दोन पिढ्यांच्या बायका हिच्या जोरावर निवृत्तीपर्यंत पोचल्या. इथे शेवटचा आक्षेप येतो: पैसे घेऊन केलेल्या सांभाळात माया कशी असेल? माया पैशानं येत नाही, हे मान्य. ती फुकट राबवण्यानंही येत नाही. वाड्यातल्या विधवेनं मुलांना माया दिली ती तिच्या मनाच्या मोठेपणामुळे, तिला मोबदला नव्हता म्हणून नव्हे. आणि ज्यांना तिच्याकडून चिमटे मिळाले त्यांच्या तक्रारींत तिच्या कोंडमाऱ्याचंच प्रतिबिंब होतं. माणसाला वेळेवर पैसे, दुपारी पाठ टेकायला जागा, आणि एका वेळी सहाच मुलं असतील तर त्याच्या मायेला वाव राहतो. पाळणाघराची खरी परीक्षा तिथे आहे.

अजून एक बाब राहते आणि ती आजची आहे. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीला जोडपी निघतात. कंत्राटाच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या शब्दात मुलाला जागा नाही, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या वर ते बसलेलं असतं. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, पहाटे अंधारात तोड सुरू. मोठ्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी तेवढंही नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक कलम घातलं गेलं: कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका बाईला त्यांच्याकडे बघायला नेमायचं आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यायची. माती उपसणं आणि मूल सांभाळणं यांना एकच दर, हे आपल्या कायद्याच्या पुस्तकात लिहिलं गेलं. उसाच्या फडाला ते लागू नाही. फडाच्या बांधावर बाभळीच्या फांदीला साडी बांधलेली असते, आणि तिची दोरी धरून बसलेली असते नऊ वर्षांची एक मुलगी, जिचं नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर आहे.